पावसाची रजा आणि अलीकडचं घर

ऑक्टोबर २०२४ मधली गोष्ट. दसऱ्याची सुटी संपून शाळा नुकत्याच उघडत होत्या. रात्रभर पाऊस कोसळत होता, पण शाळा म्हणजे शाळा, म्हणून मी सहाला उठून नातीचा डबा भरला. सून आंघोळीला गेली होती, मुलगा रेनकोट शोधत होता आणि नात एका मोज्यासाठी घर डोक्यावर घेत होती. पावणेसातला खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. तिला व्हॅनमध्ये बसवून मी वर आले, चहाचा पहिला घोट घेतला आणि मोबाइल टिणटिणला. मुसळधार पावसामुळे आज शाळेला रजा!

व्हॅनच्या ड्रायव्हरला फोन करा, तो गाडी चालवताना उचलत नाही, मग दुसऱ्या मुलांच्या आयांना फोन करा, असं करता करता आठ वाजले. सव्वाआठला व्हॅन परत आली. नात उड्या मारत जिना चढली. तोवर बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं! समोरच्या बाईंनी तर गच्चीवर गाद्या वाळत घातल्या.

साडेआठला भांड्यांना येणारी बाई आली. एकटी नाही, दोन्ही मुलांना घेऊन. "रजे, अम्मा," ती म्हणाली. धाकट्याने लगेच मागून पुस्ती जोडली, "मळे रजे!"

कन्नडमध्ये 'मळे' म्हणजे पाऊस आणि 'रजे' म्हणजे आपली रजाच. पस्तीस वर्षांपूर्वी मी बंगलोरला आले तेव्हा हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि कुणाच्या तरी मळ्यावर सहल निघाली आहे असं मला वाटलं होतं. मंगळूर, उडुपी, कोडगू या भागांत तर पावसाळ्यात मुलांचं सगळं लक्ष याच दोन शब्दांकडे लागलेलं असतं. जिल्हाधिकारी रजा जाहीर करतात की नाही, याची वाट मुलं आतुरतेने पाहतात. आपल्याकडे कोकणातली आणि मुंबईची मुलं काही वेगळी नाहीत.

मुलांचा आनंद आपण समजू शकतो. पण बाई माझ्या दारात उभी राहून जे म्हणाली ते ऐकून माझा चहा गार झाला. "अम्मा, यांना तासभर तुमच्या बाल्कनीत बसू दे. पुढच्या घरी मुलं आणलेली चालत नाहीत. आणि तिसऱ्या घरी आज गेले नाही तर पैसे कापतील."

रात्री जेवताना घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, "रजा दिली ते बरोबरच. एखाद्या मुलाचं काही बरंवाईट झालं असतं तर? अभ्यास काय, शनिवारी भरून निघतो." सुनेचं म्हणणं उलट. "रजा द्या, पण आदल्या रात्री सांगा. मला आज ऑफिसात अर्धा दिवस टाकावा लागला असता. आई घरी आहेत म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांनी काय करायचं?" आणि मी? मी म्हातारपणाला शोभेल असंच बोलले. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. आम्ही इरलं पांघरून, गुडघाभर चिखलातून शाळेत जायचो."

मुलगा हसला. "आई, तुझी शाळा शेतापलीकडे होती. हिची अकरा किलोमीटरवर आहे."

मी गप्प झाले. तो बरोबर बोलत होता, आणि शिवाय मी अर्धंच सांगितलं होतं. राहिलेलं अर्धं पुढे सांगते. आधी हा वाद जरा नीट पाहू या, कारण हा काही आमच्या एका घरातला नाही.

हवामानासाठी शाळा बंद ठेवणं हे लाड नव्हेत. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिथे बर्फ पडला की 'स्नो डे' म्हणून शाळा बंद. रस्त्यावर हातभर बर्फ साचलेला असतो, वाहनं घसरतात, मग दुसरं करणार काय? शेजारच्या न्यूयॉर्क शहराने तर २०२४ मध्ये असा दिवस पूर्ण सुटीचा न ठेवता मुलांना घरूनच कॉम्प्युटरवर शिकवायचं ठरवलं होतं. १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फ पडला, शहराने सगळे वर्ग कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरवले, आणि सकाळी सगळ्यांनी एकदम बटणं दाबल्यावर असंख्य मुलांना वर्गात शिरताच आलं नाही. यंत्राचा भरवसा किती धरायचा हे तिथेही कळलं.

आपल्याच देशात काश्मीर खोऱ्यातल्या शाळांना मोठी सुटी हिवाळ्यात असते. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे 'चिल्लई कलान', कडाक्याच्या थंडीचे. तेव्हा तिथे शाळा भरवण्याचा हट्ट कुणी धरत नाही. आपल्या विदर्भात ऊन लवकर उतरत नाही म्हणून शाळा उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. केरळात २०२५ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच प्रश्न केला, की मोठी सुटी एप्रिल-मेऐवजी धो धो पावसाच्या जून-जुलैत का देऊ नये? म्हणजे आपापलं आभाळ बघून शाळेचं वेळापत्रक आखायचं, हे शहाणपणाचंच आहे.

मग आमच्या बेंगळुरूचं आभाळ कसं आहे? इथे बर्फ नाही. १८८४ च्या जानेवारीत पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता, तीच इथल्या थंडीची नोंदलेली सीमा. उन्हाळ्यात कधी गारा पडल्या की लोक हौसेने फोटो काढतात, तेवढाच आमचा बर्फ. पाऊस मात्र भरपूर, आणि त्याची एक खोड आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवसभर उकडतं, तिसऱ्या प्रहरी ढग भरून येतात आणि संध्याकाळी किंवा रात्री विजा कडाडत तासा-दोन तासांत तो सगळा हिशेब चुकता करतो. सकाळी बघावं तर लख्ख ऊन. न्यू जर्सीचा बर्फ दिवसभर रस्त्यावर बसून असतो. इथला पाऊस पुष्कळदा रजा जाहीर होईपर्यंत निघून गेलेला असतो.

मग जे पाणी तुंबतं ते कशामुळे? हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच टेकाडावर वसलेलं. मोठी नदी नाही, समुद्र नाही. पाणी इथून आपसूक उतरून जायला हवं. पूर्वीच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली आणि ती 'राजकालुवे' नावाच्या कालव्यांनी जोडली. वरचं तळं भरलं की पाणी खालच्या तळ्यात. पुढे तळी बुजली. आज जिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे तिथे धर्मांबुधी तळं होतं आणि कंठीरव स्टेडियमच्या जागी संपंगी तळं. कालव्यांवर घरं आली. पाण्याची वाट आपण अडवली, तेव्हा पाणी आपल्या वाटेवर आलं, त्याचा काय दोष?

सप्टेंबर २०२२ मध्ये याची प्रचिती आली. पूर्वेकडच्या बेळंदूर, यमलूर, आउटर रिंग रोड भागात इतकं पाणी भरलं की लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसला गेले. त्याच दिवशी आमच्या मल्लेश्वरममध्ये भाजीवाला नेहमीच्या वेळेला ओरडत आला होता. मुंबईकरांना हे नवीन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्याही आत! तेव्हा सगळ्या जिल्ह्याला एकच रजा, हे काही खरं नव्हे. कुठे ती हवी तिथेही मिळते आणि नको तिथेही.

याहून मोठा मुद्दा पुढेच आहे. आपण वाद घालतो तो शाळा की घर, असा. पण पावसात मूल वर्गात असतं तेव्हा बहुधा सुरक्षित असतं, घरात असतं तेव्हाही असतं. धोका असतो तो दोहोंच्या मधल्या वाटेत. ऑगस्ट २०२२ मध्ये उडुपी जिल्ह्यातल्या बैंदूर तालुक्यात शाळेतून घरी परतणारी सात वर्षांची मुलगी ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून पाय घसरून वाहून गेली. असल्या साकवाला तिकडे 'कालुसंक' म्हणतात. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत दुपारच्या शाळांना रजा दिली गेली, आणि त्याच दिवशी माटुंग्याला मुलांना घेऊन निघालेली शाळेची बस पाण्यात अडकली. पोलिसांनी त्या लेकरांना सुखरूप बाहेर काढलं म्हणून बरं.

म्हणूनच भर पावसात, मध्येच घंटा वाजवून "जा घरी" म्हणून मुलांना सोडून देणं हा सगळ्यांत वाईट उपाय. शाळेची जबाबदारी संपते, मुलाचं संकट तिथून सुरू होतं. २६ जुलैच्या त्या रात्री मुंबईत कितीतरी शिक्षकांनी मुलांना शाळेतच ठेवून घेतलं. स्वतःची मुलं कुठे अडकली आहेत हे ठाऊक नसताना दुसऱ्यांची मुलं सांभाळली. बिस्किटं वाटली, बाकं जोडून झोपवलं. त्या रात्री शाळेचं दार उघडं राहिलं म्हणून कित्येक घरं वाचली.

आता माझी राहिलेली गोष्ट सांगते. मी तिसरीत होते. कोकणातलं आमचं गाव, शाळा अलीकडच्या वाडीत आणि आमचं घर पऱ्याच्या पलीकडे. मध्ये माडाच्या ओंडक्यांचा साकव. एका दुपारी पावसाने असा जोर धरला की कौलांवरच्या आवाजात गुरुजींचे शब्द ऐकू येईनात. गुरुजी छत्री घेऊन स्वतः पऱ्यापर्यंत गेले, पाणी बघून आले आणि म्हणाले, "अलीकडच्यांनी घरी जा. पलीकडच्यांनी बसून राहा."

आम्ही सात-आठ मुलं बसून राहिलो. तिन्हीसांजा झाल्या तरी पाणी उतरेना. मग गुरुजींनी आम्हाला शाळेजवळच्या दोन-तीन घरांत वाटून दिलं. मला जिथे नेलं त्या काकूंनी माझा परकर चुलीजवळ वाळत घातला आणि गरम पेज दिली, वर भाजलेला पापड. मी रडत होते. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं, पलीकडे हिचे वडील आलेत. गुरुजी मला घेऊन काठावर गेले. पलीकडे एक कंदील हलत होता. गुरुजी ओरडले, "पोर सुखरूप आहे!" पण पाण्याच्या आवाजात ते पलीकडे पोचेना. मग त्यांनी मला उचलून आपल्या कंदिलाच्या उजेडात धरलं. पलीकडचा कंदील दोनदा वर-खाली झाला आणि हळूहळू आमच्या घराच्या दिशेने गेला.

'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. आमच्या वेळीही पाऊस बघून शाळा सुटायची. फरक एवढाच, की निर्णय घेणारा माणूस स्वतः पाणी बघून यायचा आणि ज्यांना घरी जाता येत नाही त्यांना 'अलीकडचं घर' मिळायचं.

आता त्या बाईच्या मुलांकडे येऊ या. आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेत ती जातात. तिथे त्यांना दूध मिळतं, दुपारी गरम जेवण मिळतं, अंडं किंवा केळं असतं. रजेच्या दिवशी यातलं काहीच नाही. देशाचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात मुलांना दुपारच्या जेवणाचा हक्क दिला आहे, पण शाळेच्या सुटीचे दिवस वगळून. २०१५ चे नियम असं सांगतात, की शाळेच्या दिवशी जेवण शिजलं नाही तर मुलाला धान्य आणि पैसे द्यावे लागतात. पण एकदा 'रजा' हा शब्द उमटला की तो दिवस शाळेचा राहतच नाही. माझ्या नातीचा डबा त्या दिवशी घरी खाल्ला गेला. तिच्या बरोबरीच्या त्या दोघांचा डबा मात्र शाळेच्या कुलपाआड राहिला.

यावर उपाय नाही असं नाही. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही मुलांना दुपारचं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. २०२० मध्ये करोनामुळे शाळांना टाळं लागलं तेव्हाही जेवणाच्या बदल्यात शिधा देण्याची व्यवस्था करावी लागली. म्हणजे शिकवणं थांबलं तरी जेवण थांबू नये, हे तत्त्व आपण मान्य केलेलं आहे. दुष्काळात जे चालतं ते अतिवृष्टीत का चालू नये?

म्हणून माझं सरळ म्हणणं असं. हवामान बिघडलं तर वर्ग खुशाल बंद ठेवा. कुणाची हजेरी मांडू नका, परीक्षा पुढे ढकला. पण शाळेची इमारत धड असेल आणि तिच्यात पाणी शिरलं नसेल, तर दाराला कुलूप घालू नका. दोन शिक्षक जवळपास राहणारे असतातच. त्यांनी पाळीने यावं, चूल पेटावी, ज्यांच्या घरी दिवसा कुणी नाही त्या मुलांना बसायला कोरडी जागा मिळावी. बाकीच्यांनी घरी राहावं. शिक्षकांनाही घरं आहेत, मुलं आहेत, हे मला कळतं. म्हणून त्यांना त्या दिवसाची बदली रजा द्या.

दुसरं, निर्णय भागाभागाने आणि वेळेवर व्हावा. मुंबईत ८ जुलै २०२४ ला मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तेव्हा महापालिकेने आधी फक्त सकाळच्या सत्रापुरती रजा दिली. पाऊस बघून सत्रानुसार ठरवणं जमतं, मग वस्ती बघून ठरवणंही जमायला हवं. आणि निरोप मूल घराबाहेर पडायच्या आत यावा. व्हॅन निघून गेल्यावर आलेली रजा ही रजा नसून धावपळ असते.

तिसरं काम आपलं, आईबापांचं आणि आजीआजोबांचं. शाळा भरली असताना पाऊस कोसळला तर फोन करकरून "माझ्या मुलाला आत्ताच सोडा" असा धोशा लावू नका. पाणी उतरेपर्यंत मूल तिथेच बरं. दप्तरात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि बिस्किटांचा पुडा असू द्या. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, खाली गटार उघडं असू शकतं, विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा. आणि शाळेजवळ राहणारं एखादं ओळखीचं कुटुंब शोधून ठेवा, जिथे गरज पडली तर मूल रात्रभर राहू शकेल.

त्या रजेच्या दिवशी बाईची दोन्ही मुलं दुपारपर्यंत आमच्याकडेच राहिली. बाल्कनीत नाही, आत. नात बाई झाली आणि ती दोघं विद्यार्थी. तिने त्यांना मराठी पाढे शिकवले, त्यांनी तिला कन्नड. मी कुकर लावला आणि तिघांना वरणभात वाढला. बाई घ्यायला आली तेव्हा धाकटा जेवून झोपला होता.

पुढच्या आठवड्यात मी गल्लीतल्या त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंना माझा पत्ता आणि फोन नंबर दिला. म्हटलं, पावसात कुणाला घरी जाता आलं नाही तर आमच्याकडे पाठवा. त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहिता लिहिता चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "अज्जी, किती मुलं सांभाळाल?"

"चार," मी म्हटलं.

घरी येऊन बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरून पाहिली. सहा सहज मावतात.